सात नंबरचं उत्तर

वकीलताईंबरोबर न्युरेम्बर्गमधून पायी जाणं ही एक शिक्षाच होती. दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागायचा, कारण रस्त्यात येणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या दाराशी थांबून त्या बेलच्या पाट्या वाचत. इथे बेलवर घराचा नंबर नसतो, आडनाव असतं. ताई चष्मा कपाळावर चढवायच्या, पाटीला नाक लागेल इतक्या जवळ जायच्या आणि निकाल द्यायच्या, "अठरा नावं. सतरा जर्मन आणि एक इटालियन. ह्या मालकाच्या मनात काय आहे ते बघायला हवं." एकदा आतून एक आजोबा कुत्र्याला फिरवायला बाहेर पडले आणि संशयाने बघू लागले. ताईंनी त्यांनाच बोलण्यात गुंतवलं आणि कोण कधीपासून राहतं, कोण कधी सोडून गेलं, अशी अख्ख्या इमारतीची जनगणना करून घेतली. कुत्र्याने आपला कार्यक्रम पायरीवरच उरकला.

हे सगळं गमतीचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ताईंनी मला परक्या देशात घर मिळवून दिलं. बदल्यात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: कोर्टात उभं राहून एक खरी गोष्ट सांगायची. ती मी दिली नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

ताई पुण्याच्या. तिथे वकिली शिकल्या, इथे आल्या आणि चाळिशीला टेकल्यावर जर्मन कायद्याच्या परीक्षा पहिल्यापासून दिल्या. नवऱ्याचा विषय त्या तीन वाक्यांत संपवायच्या. "होता एक. चांगला होता. आता हाम्बुर्गला असतो." कामं एकाच प्रकारची घ्यायच्या. नावामुळे, कातडीच्या रंगामुळे, डोक्यावरच्या रुमालामुळे ज्यांना घर नाकारलं, त्यांची. पूर्वी शिंप्याचं दुकान असलेल्या एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं आणि शिंप्याचा उंच आरसा त्यांनी तसाच ठेवला होता. अशील हमसून हमसून रडायला लागला की त्या त्याला आरशाकडे पाठ करून बसवायच्या. स्वतःला रडताना बघितलं की माणूस जास्तच रडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा आम्हाला इथे येऊन अकरा महिने झाले होते. मोठ्या कंपनीत इंजिनियर, पगार उत्तम, कागदपत्रं चोख, आणि तरी मी आणि माझी गरोदर बायको एका सामानासकट भाड्याने घेतलेल्या खोलीत. घरासाठी किती अर्ज केले ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. मी तावातावाने सांगायला सुरुवात केली की ती घरमालकीण कशी आमच्याकडे तुच्छतेने बघत होती, आम्हाला किती अपमान वाटला, वगैरे.

"थांब," ताई म्हणाल्या. "भावना नकोत. वाक्य सांग."

"म्हणजे ती असं सुचवत होती की..."

"सुचवलं ते राहू दे. तोंडातून काय निघालं? शब्द सांग. किती वाजता? दारात की आत?"

मला राग आला. माझं दुःख ऐकायला बसलेली बाई माझी उलटतपासणी घेत होती. त्यांनी ड्रॉवरमधून शाळेची असते तशी वही काढली आणि पुढच्या प्रत्येक नकाराचे शब्द त्यात उतरवायला सांगितले. वाक्य सापडलं की माणूस सापडतो, हे त्यांचं आवडतं सूत्र.

ह्या वह्यांमधूनच त्यांनी नकारांची यादी केली होती आणि त्यांना नंबर दिले होते. तीन नंबर म्हणजे, तुमच्या बाळाला जिने त्रासदायक होतील. पाच नंबर म्हणजे, स्वयंपाकाच्या वासाबद्दल शेजारी फार हळवे आहेत. नऊ नंबर म्हणजे, माझी काहीच हरकत नाही हो, पण लोक. सगळ्यात जास्त चालणारा सात नंबर: माफ करा, घर कालच गेलं. थोड्याच दिवसांत आम्ही सगळे अशील ह्याच भाषेत बोलायला लागलो. मी फोन करून म्हणायचो, "ताई, आज पाच."

"अरे वा, पाच? चला, प्रगती आहे. म्हणजे निदान स्वयंपाकघरापर्यंत पोचलास."

बायको बाजूला बसून हसायची. इथे आल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती ह्या नंबरांवर, हे मला आठवतं.

सात नंबर पकडायची ताईंची एक पद्धत होती. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त जर्मन शिक्षिका राहायच्या. मला नकार आला की दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या नावाने, तंतोतंत तसाच अर्ज त्याच घरासाठी जायचा. तेवढाच पगार, तेवढीच माणसं, नाव तेवढं जर्मन. एका घराचं असंच झालं. मला सकाळी कळलं होतं की घर गेलं. शिक्षिकाबाईंना दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, शनिवारी घर बघायला या. ताईंनी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून त्या इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीला, म्हणजे हाऊसफरवाल्टुंगला, नोटीस धाडली. प्रकरण कोर्टात उभं राहायच्या आत त्यांनी तडजोड केली आणि तेच घर आम्हाला दिलं. आमची मुलगी त्याच घरात रांगली, चालली आणि आम्ही मराठीत बोललो की जर्मनमध्ये उत्तर द्यायला शिकली.

घराच्या आनंदात केलेल्या जेवणाला ताई आल्या. बूट दारात काढले, पण अंगातला मोहरीच्या रंगाचा कोट काढेनात. "काढा ना कोट," असं बायकोने तीनदा म्हटलं. "राहू दे गं, सवय आहे," म्हणत त्या कोटातच पुरणपोळी जेवल्या. मी भारावून भाषणच ठोकलं, "ताई, एक बरं आहे. इथे आल्यावर आपण सगळे एकाच नावेत. देशस्थ, कोकणस्थ, मराठा, कुणीही असो, ह्यांना आपण सगळे सारखेच."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि पोळीवर तूप मागितलं.

बाळासाठी माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांना ताई फार आवडल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या? आडनावावरून लक्षात येत नाही हो."

"येऊ नये म्हणूनच वडिलांनी गावाचं नाव लावलं होतं, काकू," ताई सहज म्हणाल्या. "रेल्वेत होते. बदली झाली की आम्ही खोली शोधायचो. मालक बसवायचे, पाणी द्यायचे, मग विचारायचे, आधीचं आडनाव काय? मग आम्ही उठायचो. वडील मला सांगायचे, स्वेटर काढू नकोस, परत घालायला वेळ जातो."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात काहीतरी हललं, जे हलायला नको होतं. चहा आला तेव्हा आम्हा सगळ्यांना स्टीलचे पेले होते आणि ताईंना कपाटातला चिनी मातीचा कप. पाहुण्यांचा कप तो, असं म्हणता आलं असतं. पण आदल्या आठवड्यात त्याच ताईंना त्याच सासूबाईंनी पेल्यातून चहा दिला होता. मी ते पाहिलं, बायकोने पाहिलं. ताईंनी कप उचलला आणि चहा छान झालाय म्हणाल्या. त्या गेल्यावर मी सासूबाईंना काही बोललो नाही. वडीलधाऱ्या माणसाला काय बोलायचं, अशी मी माझी समजूत काढली.

ताई मात्र येत राहिल्या. मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला एक पुस्तक, त्यात बारीक अक्षरात तिचं पूर्ण नाव. आणि वर्षातून एकदा तरी त्यांचं ते एकच दुखणं त्या माझ्यापुढे उगाळायच्या. इथल्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे, वय आहे, अपंगत्व आहे. जात नाही. "आता आपलीच माणसं आपल्या माणसांना घरं देतायत, खोल्या देतायत, जाताना आपल्याच ग्रुपवर टाकतायत. आणि तिथे काय चालतं ते जर्मन न्यायाधीशाला कळणार कसं? त्याला दिसतात दोन ब्राऊन माणसं. एकदा, फक्त एकदा, एखाद्या निकालात तो शब्द लिहून आला पाहिजे. मग मी निवृत्त होते."

"येईल हो ताई," मी म्हणायचो. माझा काय संबंध, असं मला वाटत होतं.

मग आम्ही स्वतःचं घर घेतलं आणि जुनं सोडायची वेळ आली. आमच्या केसपासून ती कंपनी इतकी सावध झाली होती की भाडेकरू निवडायचं झंझटच त्यांना नको होतं. जाणाऱ्याने आपल्या जागी येणारा माणूस शोधावा, आम्ही सही करू, असा त्यांचा नियम झाला होता. मी मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलं. पहिला फोन आला तो एका संस्थेत संशोधन करणाऱ्या तरुणाचा. बायकोला सातवा महिना होता, संस्थेच्या गेस्टहाऊसची मुदत महिनाअखेरीला संपत होती. नम्र, हुशार मुलगा. मी म्हटलं, "फॉर्मसाठी पूर्ण नाव सांगा ना." त्याने सांगितलं. मूळचे कुठले, तेही मी विचारलं. फॉर्मवर असा रकाना नव्हता. फोन ठेवताना तो सवयीने "जयभीम, सर" म्हणाला.

आमच्या समोरच्या दारात एक मराठी कुटुंब राहायचं. त्या गृहस्थांनी मला जिन्यात म्हटलं होतं, "आपल्यातलंच कुणीतरी बघा हं." बस, एवढंच. त्यांनीही शब्द उच्चारला नव्हता आणि मीही उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाला मेसेज केला, "सॉरी, घर कालच गेलं." लिहिताना माझा हात अडखळला नाही. मला त्याचा द्वेष नव्हता. मला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नव्हतं, आणि आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका मुलीचा मेसेज आला, आडनाव असं की विचारायची गरजच नव्हती. मी दहा मिनिटांत उत्तर दिलं, शनिवारी बघायला या ना, चहालाच या.

शनिवारी आल्या त्या ताई. बायको मुलीला घेऊन पोहायला गेली होती. ताईंनी जेवणाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर माझा पहिला मेसेज होता, दुसऱ्यावर दुसरा. मला आधी कळेचना की माझे मेसेज ह्यांच्याकडे कसे. मग कळलं, तेव्हा खुर्चीचा हात धरून मी बसलो.

"सात नंबर," ताई म्हणाल्या. "वीस वर्षांत मराठीत पहिल्यांदा मिळाला. त्या मुलाने माझ्याकडे येऊन पत्ता सांगितला तेव्हा मी त्याला म्हटलं, चूक होत असेल. हा माणूस तसा नाही. त्याच्यासाठी नव्हे रे, माझ्यासाठी करून बघितली टेस्ट."

मी रडलो. खोटं नाही सांगत, लहान मुलासारखा रडलो. घर त्या मुलालाच देतो म्हणालो. पण मधल्या काळात समोरच्या गृहस्थांनी त्यांच्या भाच्याचे कागद परस्पर कंपनीत पोचवले होते आणि कंपनीने सही केली होती. सात महिन्यांची पोटुशी बायको घेऊन तो मुलगा जाणार कुठे? शेवटी ती बाळंतपणाला पुण्याला परत गेली आणि बाळ पहिले सहा महिने त्याने फोनवर पाहिलं.

"रडू नको," ताई म्हणाल्या. "ह्याचा उपयोग करू. मी कंपनीवर दावा लावते. निवड त्यांनी तुझ्यावर सोपवली, म्हणजे तुझं वागणं ते त्यांचं. पण ह्या दोन कागदांवर नुसतं एवढंच दिसतं की एकाला नाही म्हटलं, एकीला हो. का, ते फक्त तुला माहीत आहे. तू साक्षीला उभा राहा आणि सांग. नाव का विचारलंस, गाव का विचारलंस. न्यायाधीशाला तो शब्द तुझ्या तोंडून ऐकू दे."

"सांगेन," मी म्हणालो. "शपथ घेऊन सांगेन."

पुढचे पाच महिने मी रोज मनातल्या मनात ती साक्ष दिली. जर्मन वाक्यं पाठ केली. बायको म्हणाली, "अहो, नक्की सांगा हं. त्याशिवाय मला त्या ताईंना तोंड दाखवता येणार नाही." मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. चुकलो, पण कबूल करणारा माणूस आहे मी, असं.

कोर्टात ताईंनी तो मोहरीचा कोट काढला. ती एकच जागा होती जिथे मी त्यांना कोट काढताना पाहिलं. काढून त्याची नीट घडी घातली आणि वकिलाचा काळा झगा चढवला. त्या दिवशी त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा झाला होता. तो तरुण त्यांच्या शेजारी बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. मी साक्षीदाराच्या खुर्चीकडे जाताना मागे पाहिलं आणि शेवटच्या बाकावर समोरच्या दाराचे गृहस्थ दिसले. त्यांच्या बाजूला ऑफिसातला आणखी एक मराठी सहकारी. मला धीर द्यायला आले होते म्हणे. दोघांनी मला हात केला.

न्यायाधीश बाई होत्या, मऊ आवाजाच्या. खरं बोलणं बंधनकारक आहे, हे त्यांनी मला समजावलं. मग विचारलं, "आपण अर्जदाराला त्यांचं पूर्ण नाव आणि मूळ गाव विचारलं होतं का? आणि विचारलं असेल तर का?"

पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्याजवळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. त्यांनी ताईंकडे वळून विचारलं, साक्षीदाराला काही प्रश्न? ताईंच्या हातात ते दोन कागद होते. पाच महिन्यांपूर्वी मी काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, आणि वाक्यावर बोट ठेवून माणसाला सोलून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही कागद परत फाइलमध्ये ठेवले.

"काही प्रश्न नाही," त्या म्हणाल्या.

दावा फेटाळला गेला. नकाराचं कारण सिद्ध होत नाही, एवढंच निकालात होतं. तो शब्द कुठेच नव्हता. साक्ष झाली त्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर मी ताईंना गाठलं तेव्हा त्या कोटाची बटणं लावत होत्या. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, "काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का रे?" झालं, असं मी म्हणालो. "काळजी घ्या," म्हणाल्या आणि ट्राममध्ये चढल्या. घरी बायकोने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

संबंध त्यांनी तोडला नाही. तोडला असता तर बरं झालं असतं. वाढदिवसाचं पुस्तक येतच राहिलं. पण आमच्या घरी त्या पुन्हा आल्या नाहीत आणि मीही पुन्हा बोलावलं नाही. ती त्यांची शेवटून दुसरी केस ठरली. नंतर आजाराने गाठलं, आणि ऑफिस बंद करून आरसा त्यांनी शिक्षिकाबाईंना दिल्याचं माझ्या कानावर आलं.

मी हॉस्पिटलमध्ये एकदाच गेलो. त्या फार वाळल्या होत्या, पण मजल्यावर किती खोल्या आणि कुणाला खिडकीची मिळते, ह्याचा हिशेब नर्सकडून त्यांनी काढलेला होता. मी खुर्ची ओढून बसलो.

"ताई, माझं चुकलं. मला सगळं आठवत होतं."

"मला माहीत आहे रे."

"मला माफ करा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? घर माझं गेलं नव्हतं."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर तरी मी त्याच संध्याकाळी लिहायला बसायला हवं होतं. नाही बसलो. त्या मुलाचा नवा पत्ता शोधायला हवा, ह्या सबबीवर तीन आठवडे काढले. तो आता बॉनला विद्यापीठात आहे आणि बायको-मुलगी त्याच्याजवळ आहेत, हे मला ताईंच्या अंत्यविधीच्या वेळी शिक्षिकाबाईंकडून कळलं. तो आला होता, पुढच्या रांगेत होता. मी मागच्या मागे निघून आलो.

घरी येऊन मी लिहिलं. मी काय विचारलं, का विचारलं, फोनवर शेवटी तो काय म्हणाला, दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय लिहिलं आणि कोर्टात मला काय आठवत होतं. तो शब्दही लिहिला. हे सगळं मी पुन्हा कोर्टापुढे सांगायला तयार आहे, माझं काय व्हायचं ते होवो, असंही लिहिलं. चार पानं झाली. टपालात टाकली आणि वाट पाहिली.

दोन आठवड्यांनी त्याचं पोस्टकार्ड आलं. मराठीत, सुवाच्य अक्षरात.

"पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. ताई असताना आलं असतं, तर त्यांना वाचून दाखवलं असतं."